१६ इंची आरसा, २५ मिमी जाडी: धरायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुर्बिणीसाठी फ्लोट काचेचा (खिडकीला असते त्या साध्या काचेचा) १६ इंची म्हणजे ४०६ मिमी व्यासाचा आरसा, जाडी २५ मिमी, एफ/४.५ (फोकसचं अंतर व्यासाच्या साडेचारपट), सगळा घरी घासलेला. सध्या तो प्लायवुडच्या पाटावर सिलिकॉनच्या तीन गोळ्यांनी चिकटवलाय आणि खाली कडेला वीतभर अंतरावर दोन खिळे आहेत. दीडशेच्या वर पॉवर नेली की तारा ठिपका राहत नाही. फोकसच्या अलीकडे आडवा लांबट, पलीकडे उभा लांबट, आणि डोक्यावरचा तारा पाहिला तर तिकोनी. आता १८ बिंदूंचा सेल (पाठीला १८ जागी टेकू देणारी आरशाची चौकट) करू की २७ बिंदूंचा, हे तुम्हाला ठरवायचंय.

माझ्या मते ९ पुरतील. तिकोनीपणा हा पाठीचा आजार आहे आणि तो ९ बिंदूंत बरा होईल. लांबटपणा बहुधा कडेचा आहे, आणि तो १८ काय, ५४ बिंदू केलेत तरी जाणार नाही. दुर्बीण करणारे आम्ही सगळेच पाठीमागच्या त्रिकोणांवर महिना घालवतो आणि कडेचा आधार शेवटच्या रविवारी दोन खिळ्यांत उरकतो. मीही तेच केलं होतं.

माझा पहिला मोठा आरसा साडेबारा इंची होता. त्यात असाच लांबट तारा दिसला, तेव्हा मी फिगरिंगला, म्हणजे काचेला दिलेल्या नेमक्या आकाराला, दोष दिला. आरसा काढला, पुन्हा पिचवर (पॉलिश करायच्या डांबरासारख्या थरावर) घेतला आणि चार महिने घासत बसलो. शेवटी तारा गोल दिसला. वर्षभराने सेल बदलला आणि तारा पुन्हा लांबट, या खेपेला उलट दिशेने! सेलच्या चुकीला उतारा म्हणून मी काचेत तेवढीच उलटी चूक घासून बसवली होती. म्हणून आरशाला हात लावायच्या आधी दोष काचेत आहे की आधारात, ते पक्कं करा.

त्याची रीत सोपी आहे. आधी आयपीस (डोळा लावायचं भिंग) फिरवा, मग स्वतःचं डोकं तिरपं करून बघा. लांबटपणा त्यांच्याबरोबर फिरला तर आयपीस किंवा डोळा दोषी. चाळिशीनंतर डोळा दोषी निघणं मुळीच दुर्मीळ नाही. मग आरसा सेलमध्ये ६० अंशांनी फिरवा. लांबटपणा आरशाबरोबर फिरला तर काचेची फिगर बिघडलेली आहे. जागचा हलला नाही तर आधार, नाहीतर नळीच्या तोंडाजवळचा छोटा आडवा आरसा. तोही सिलिकॉनने आवळला जाऊ शकतो. तुमचा मुख्य आरसा चिकटवलेला असल्यामुळे आधी सोडवावा लागेल. सुरी घालू नका. गिटारची बारीक तार दोन लाकडी मुठींना बांधा आणि करवतीसारखी ओढत गोळ्या कापा. त्या वेळी आरसा पडणार नाही असा दुसरा माणूस धरून असू द्या.

दुसरी कसोटी उंचीची. दुर्बीण सरळ वर असते तेव्हा आरशाचं सगळं वजन पाठीवर असतं. तारा क्षितिजापासून ३० अंशांवर असतो तेव्हा पाठीवर निम्मंच वजन राहतं आणि कडेवर ८७ टक्के येतं. बेरीज शंभराच्या वर गेली म्हणून दचकू नका, ही दोन बलं एकमेकांना काटकोनात आहेत. डोक्यावरच्या ताऱ्याला दिसणारा दोष पाठीचा आणि खाली उतरताना वाढत जाणारा दोष कडेचा, असं साधारण समजावं. डोक्यावर तिकोनी दिसतं असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. लांबटपणा खालच्या ताऱ्यांना वाढतो का, तेवढं एकदा बघून घ्या.

आता काच वाकते किती ते पाहू. स्वतःच्या वजनाने येणारा बाक व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या वर्गाने कमी होतो. ८ इंची, २५ मिमी जाडीचा आरसा तीन बिंदूंवर सुखाने बसतो; तीच जाडी १६ इंचांत वापरली की बाक सोळापट. जुन्या नियमाप्रमाणे जाडी व्यासाच्या सहाव्या भागाइतकी हवी, म्हणजे तुम्हाला ६८ मिमीची काच लागली असती आणि वजन २२ किलोच्या घरात गेलं असतं. पातळ आरसा हलका असतो, लवकर गार होतो, स्वस्त पडतो. त्याची किंमत आधाराच्या कामात मोजावी लागते, एवढंच.

तुमची काच २५ मिमीची म्हणता, पण ती कडेला. एफ/४.५ चा खळगा मध्यात सुमारे ५.६ मिमी खोल असतो, म्हणून मध्यात काच १९ मिमीच्या जरा वर उरते. सरासरी २२ धरा आणि वजन सात किलोच्या थोडं वर.

हा आरसा आदर्श जागी ठेवलेल्या तीन बिंदूंवर बसवला तरी त्याच्या पृष्ठाचा सरासरी (आरएमएस) बाक, माझ्या ढोबळ हिशोबाने, ७० नॅनोमीटरच्या आसपास किंवा वरच येतो. परावर्तनात चूक दुप्पट होते, म्हणजे प्रकाशलाटेत दीडशेच्या घरात. चांगल्या दुर्बिणीची मर्यादा तरंगलांबीचा चौदावा भाग, हिरव्या प्रकाशाला सुमारे ४० नॅनोमीटर. फोकस पुन्हा साधला की यातला काही भाग भरून निघतो, तरी तीन बिंदूंवर तुम्ही मर्यादेच्या बाहेरच राहता. तुमचा तिकोनी तारा तो हाच. ९ बिंदू केले की तोच आकडा पृष्ठावर ४ नॅनोमीटरच्या आसपास उतरतो आणि १८ केले की १ च्याही खाली. ४ वरून १ वर येण्याने डोळ्याला काही फरक कळणार नाही. मात्र १८ बिंदूंत सांधे दुप्पट-तिप्पट होतात आणि प्रत्येक सांधा म्हणजे अडकायची एक नवी जागा. वीस इंची आरसा असता तर मी १८ म्हटलं असतं. आरशाला चांगले फिरणारे ९ द्या, कडक झालेले १८ नकोत.

बिंदूंना भार सारखा वाटून द्यायची युक्ती शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. जोडीतला एक बैल दुबळा असला तर जू बांधायची जागा धट्ट्या बैलाकडे सरकवतात. दुबळ्याच्या वाट्याला लांब बाजू येते आणि ओझं कमी. दोघे सारखे असले तर गाठ मधोमध. कावडीचंही तसंच. पाठीमागचा प्रत्येक त्रिकोण म्हणजे तीन टोकांची कावड. तो त्याच्या भारमध्यावर एकाच खिळीवर टेकलेला असला की तिन्ही टोकं सारखंच उचलतात, मग काचेची पाठ थोडी उंचसखल असली तरी चालते. इंग्रजीत याला व्हिफलट्री म्हणतात, घोड्यांची ओढ वाटून देणाऱ्या आडव्या काठीवरून. दुर्बिणीत ही युक्ती पहिल्यांदा थॉमस ग्रब यांनी १८३५ मध्ये आर्माच्या वेधशाळेसाठी वापरली, आणि लॉर्ड रॉस यांच्या १८४५ च्या सहा फुटी धातूच्या आरशाखालीही तरफाच होत्या. हवाईच्या केक दुर्बिणीत ३६ तुकड्यांचा आरसा आहे. तिथला प्रत्येक तुकडाही ३६ बिंदूंच्या अशाच तरफांवर बसलेला आहे.

तुमच्यासाठी मापं अशी. तीन त्रिकोण, १२० अंशांवर. प्रत्येकाचं एक टोक आतल्या वर्तुळावर आणि दोन बाहेरच्या. आरशाचं क्षेत्रफळ नऊ सारख्या भागांत वाटलं तर आतलं वर्तुळ त्रिज्येच्या ०.४१ वर म्हणजे ८३ मिमीवर येतं आणि बाहेरचं ०.८२ वर म्हणजे १६६ मिमीवर. बाहेरच्या दोन टोकांत अंतर १६६ मिमी, त्रिकोणाची उंची ६१ मिमी, आणि खिळीची जागा पायापासून २० मिमी, म्हणजे आरशाच्या केंद्रापासून १२३ मिमीवर. ‘प्लॉप’ नावाची फुकट संगणकप्रणाली आहे, तीत तुमचे आकडे घातलेत तर ती बिंदू दोन-चार मिमी इकडेतिकडे सरकवेल. तेवढ्या फरकाने जीव जात नाही. टोकं एक-दोन मिमी चुकली तरीही नाही. खिळी मात्र भारमध्यावरच हवी. ३ मिमी ॲल्युमिनियमचे त्रिकोण, कोपरे बरोबर टोकांच्या जागी ठेवून कापा आणि खिळ्याच्या टोकावर तोलून बघा. साध्या पत्र्याच्या त्रिकोणाचा स्वतःचा भारमध्य तोच असतो, त्यामुळे तोल साधला की जागा बरोबर. कोपरे गोल नंतर करा.

खिळीसाठी डोम नट (गोल डोक्याचा बंद नट) उत्तम. खाली कॉलिमेशनच्या (आरशाचा कल जुळवायच्या) बोल्टला डोम नट, वर त्रिकोणात उथळ खळगा. त्रिकोण स्वतःभोवती फिरू नये म्हणून एक पिन ढिल्या भोकात सोडा, इतकी ढिली की बोटाच्या टिचकीने त्रिकोण डुलला पाहिजे. टोकांवर फेल्ट लावू नका. पावसाळ्यात ते ओल धरतं आणि दबून सपाट होतं. भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा पाट मिळतो, त्याच्या १५ मिमीच्या चकत्या कापून लावा. आरसा त्यांच्यावर सहज सरकतो. चिकटवायचा नाही. सिलिकॉन सुकताना आवळतं, शिवाय प्लायवुड ओलीने फुगतं. आरसा त्याच्याशी जखडलेला असला की काच बिचारी वाकते.

चौकट २५ मिमी चौकोनी लोखंडी पाइपची करा. फॅब्रिकेशनवाला अर्ध्या दिवसात वेल्ड करून देतो. भोकं मात्र वेल्डिंगनंतर पाडा, कारण वेल्डिंगने चौकट ओढली जाते आणि आधी पाडलेली भोकं सरकतात. रंगाआधी प्राइमर, आणि डुलणाऱ्या सगळ्या जागांना स्टेनलेसचे बोल्ट. कोकणातल्या एकाचा सेल मी दोन पावसाळ्यांनंतर उघडला, तर तिन्ही त्रिकोण गंजाने जाम. नावाला ९ बिंदू, प्रत्यक्षात तीनच.

आता कडेकडे.

आरसा सपाट चकती असता तर कडेवर उभा राहूनही तो फारसा वाकला नसता, कारण सगळं बल त्याच्याच पातळीत राहिलं असतं. पण तो खोलगट आहे. कडेला काचेच्या जाडीचा मध्य पाठीपासून १२.५ मिमीवर, आणि मध्यभागी ९.७ मिमीवर. कडेवर खालून वर रेटा आला की तो काचेला थोडं दुमडतो. ताजी भाकरी दोन बोटांवर उभी धरून बघा, काय होतं ते लगेच कळेल. जितका पातळ आणि खोल आरसा, तितकं हे जास्त. आणि रेटा भारमध्याच्या पातळीत नसेल तर त्यात पिळाची भर.

तुमच्या आरशाचा भारमध्य पाठीपासून ११ मिमीवर आहे, साडेबारावर नाही. कडेचा आधार त्याच उंचीवर टेकायला हवा. अर्ध्या मिमीची चूक चालून जाईल, पाच मिमीची नाही. तुमचे खिळे पाटातून वर आलेत, त्यामुळे ते कडेला पूर्ण उंचीभर टेकत असतील, किंवा थोडे कललेले असतील तर नुसते वरच्या काठाला. शिवाय वीतभर अंतर म्हणजे दोघांमधे साधारण ६५ अंश. दोन बिंदूंना ९० अंशच का हवेत, याला कारण आहे. प्रत्येक बिंदूचा रेटा आरशात घोड्याच्या खोगिरासारखा बाक आणतो. दोन खोगिरं ९० अंशांवर आली की एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आणि दोन्ही बरेचसे खोडले जातात. ६५ अंशांवर खोडले जात नाहीत, आणि उरतो तो तुमचा लांबट तारा.

खिळ्यांचा दुसरा दुर्गुण घर्षण. दुर्बीण वरून खाली आणताना आरशाला पाठीच्या टोकांवर किंचित सरकून बसायचं असतं. खिळा कडेला धरून ठेवतो आणि काच अडकलेल्या जागी वाकते. म्हणून तोच तारा कधी बरा, कधी वाईट दिसतो. दुर्बिणीला थाप मारली की सुधारतो! ही खूण दिसली तर नक्कीच घर्षण.

घरगुती दुर्बिणी सोप्या करणाऱ्या जॉन डॉब्सन यांच्या पद्धतीत झोळी असते: गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा आरशाच्या खालच्या अर्ध्या कडेला. जाड आरशांना ती पुरते. पातळ आरशाला रुंद पट्टा नेमका कुठल्या उंचीवर रेटतोय हे सांगता येत नाही. तो ताणतो, सरकतो, कडेला घासतो. तिची सुधारलेली आवृत्ती म्हणजे तारेची झोळी. सायकलच्या ब्रेकची दीड मिमीची केबल घ्या, ती ११ मिमीच्या उंचीवर खालच्या अर्ध्या वर्तुळाला टेकवा, आणि दोन्ही टोकं कडेपासून सरळ वर नेऊन स्क्रूने कमी-जास्त करता येतील अशी चौकटीला बांधा. करायला सोपी, आणि नीट बसली तर उत्कृष्ट. बसली तर, म्हणतोय मी. प्रवासात तार घसरते आणि अंधारात कळत नाही. दुर्बीण गच्चीवर कायमची असेल तर मी तारच सुचवली असती. तुम्ही ती गाडीत घालून गावाबाहेर नेता.

म्हणून तुम्ही चार बेअरिंगं लावा. सर्वांत खालच्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना २२.५ आणि ६७.५ अंशांवर एकेक. प्रत्येक बाजूची दोन बेअरिंगं एका पट्टीवर, एकमेकांपासून १५५ मिमीवर, आणि ती पट्टी ४५ अंशांच्या जागी मधोमध एका बोल्टवर डुलती. पुन्हा कावडच. ६०८ नंबरचं बेअरिंग, मुलांच्या फिजेट स्पिनरमध्ये असतं ते, कुठेही मिळतं. त्याचा आस आरशाच्या कडेला स्पर्शरेषेत ठेवायचा, म्हणजे आरसा पुढे-मागे सरकू लागला की बेअरिंग फिरतं आणि त्याला अडवत नाही. असं लावलं की ते कडेला नेमक्या एका बिंदूवर टेकतं, आणि तो बिंदू आसाच्या उंचीवरच असतो. ११ मिमी साधणं मग सोपं. कडेची काच खरखरीत असेल तर आधी बारीक कार्बोरंडमने गुळगुळीत करून घ्या.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती टाळा. बेअरिंगं चौकटीला पक्की आणि त्रिकोण कॉलिमेशनच्या बोल्टांवर अशी रचना असली तर कॉलिमेशन करताना आरसा वरखाली होतो आणि ११ चे १४ मिमी होतात. बेअरिंगच्या पट्ट्यांना लांबट भोकं ठेवा आणि कॉलिमेशन एकदा जवळपास बसलं की मगच उंची कसा. नंतर फक्त पाव-अर्धा फेरा लागतो, तेवढ्याने बिघडत नाही.

आरसा पुढे पडू नये म्हणून क्लिपा लागतातच, पण त्यांनी काचेला शिवायचं नाही. क्लिप आणि काच यांच्यामध्ये पोस्टकार्ड सहज सरकलं पाहिजे. वरच्या अर्ध्या कडेलाही दोन अडसर ठेवा, तेही तेवढ्याच फटीने. लोक घाबरून क्लिपा आवळतात आणि मग एवढा सगळा सेल केल्याचा उपयोग शून्य.

टेस्ट स्टँडही विसरू नका. फिगरिंग करताना तुम्ही आरसा उभा ठेवून तपासला असेल, तोही बहुधा दोन खुंट्यांवर. तिथेही काच तशीच वाकत होती आणि वाकलेल्या काचेवर तुम्ही आकडे घेतलेत. सोडवलेला आरसा पुन्हा तपासणार असाल तर स्टँडलाही तारेची झोळी करा, आणि आरसा फिरवत निदान चार दिशांना आकडे घ्या. जो दोष फिरवल्यावरही स्टँडच्याच दिशेला राहतो तो काचेचा नाही, त्याच्यामागे पॉलिशर घेऊन लागू नका.

प्लायवुडचा पाट काढल्याचा आणखी एक फायदा म्हणजे पाठ उघडी राहते. फ्लोट काच पायरेक्सच्या (उष्णतेला टिकणाऱ्या काचेच्या) जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, आणि जानेवारीत देशावर दुपारी तीसच्या आसपास आणि पहाटे दहा-बारा असं तापमान असतं. उघड्या पाठीवर १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा सोडा. २५ मिमीची काच तासाभरात बरीचशी निवते. पंखा चौकटीला घट्ट बसवू नका, रबरबँडांवर टांगा, नाहीतर त्याची थरथर आयपीसमध्ये दिसेल.

सगळं जोडल्यावर पहिल्या रात्री आरसा निवू द्या, मग ६० अंशांवरचा एक तारा आणि ३० अंशांवरचा एक असे दोन्ही फोकसच्या आत-बाहेर करून बघा. खालचाच लांबट असेल तर बेअरिंगं अर्धा मिमी पाठीकडे सरकवून पुन्हा पाहा. वाढला तर उलट दिशेने. दोन्ही तारे सारखेच लांबट असतील तर आरसा ६० अंश फिरवा आणि मला काय दिसलं ते कळवा.